डबा भरला का?

बारीकरावांनी गाडीच्या इंजिनाला तेलाचा डबा बसवायचं ठरवलं ते साडूने पाठवलेल्या एका फोटोमुळे. फोटोत काचेची बाटली होती, बाटलीत काळं तेल होतं आणि खाली साडूने लिहिलं होतं, 'या महिन्याचं पीक!'

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अंगापिंडाने ते चांगले भरलेले आहेत. पण कुठलीही गोष्ट समोर आली की 'जरा बारीक बघायला हवं' असं म्हणून तिच्यात नाक खुपसायची त्यांना सवय, म्हणून पाणीपुरवठा कार्यालयातल्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि ते त्यांच्या मागोमाग घरी आलं. कार्यालयात ते तक्रारीच्या खिडकीवर बसतात. लोक येऊन सांगतात की नळाला पाणी येत नाही, आणि बारीकराव सांगतात की आमच्याकडून सुटलंय म्हणजे येत असणार. (घरी नळाला पाणी नसलं की ते हेच बायकोलाही सांगतात, आणि मग बादली घेऊन खाली जातात.)

साडूकडे अगदी हीच गाडी होती. म्हणजे साडूने आधी घेतली, मग बारीकरावांनी घेतली. पसंत आपण आधी केली होती, फक्त घ्यायला उशीर झाला, असं बारीकरावांचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढायचा कंटाळा येत असल्यामुळे घरात ते मान्य झालेलं आहे. पण आता साडूच्या गाडीला डबा होता आणि यांच्या गाडीला नव्हता. दिवसभर हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी बायको खिडकीपाशी उभी राहून कुणाच्या तरी दाढेचा एक्स-रे उजेडात धरून बघत होती. ती दातांची डॉक्टर आहे. सगळी गल्ली तिला डॉक्टरीणबाई म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.

"आपल्या गाडीला टर्बो आहे, हे तुला माहीत आहे ना?" बारीकरावांनी सुरुवात केली.

"आहे. तुम्ही लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगता तेव्हा मी तिथेच उभी असते."

"टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरायची. दाबून भरली की इंजिन श्वासही जोरात सोडतं. त्या श्वासाबरोबर तेलाचा बारीक फवारा येतो. आणि तो घाणेरडा श्वास गाडी एका पाइपातून पुन्हा स्वतःच ओढून घेते! मग आत तेलाचा थर बसतो. जाड, काळा."

"कीटण."

"कीटण! अगदी बरोबर! तर त्या पाइपाच्या मधेच एक डबा बसवायचा. श्वास डब्यातून पुढे जातो, तेल डब्यात राहतं."

"म्हणजे थुंकदाणी," डॉक्टरीणबाई एक्स-रेवरून नजर न काढता म्हणाल्या. "माझ्या खुर्चीला आहे तशी."

हा शब्द बारीकरावांना लागला. साडूच्या गाडीला तीच वस्तू असताना ती शास्त्रीय होती आणि आपल्या गाडीला लागायच्या आधीच तिची थुंकदाणी झाली, हे काही बरोबर नव्हतं.

"गरजेचं असतं तर कंपनीनेच नसतं का बसवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कंपनीला काय पडलंय?"

"कंपनीला पडलेलं नाही, साडूंना पडलंय, म्हणून आपल्याला पडलंय. बरं, बसवणार कोण?"

"मी."

आता मात्र डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. बारीकरावांनी दुरुस्त केलेलं कपडे धुण्याचं यंत्र अजून घरात होतं. सुरू केलं की ते हळूहळू चालत न्हाणीघरातून बाहेर यायचं आणि बैठकीच्या दाराशी येऊन थांबायचं. पाहुणे आलेले असले की विशेष पंचाईत व्हायची.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण माझी एक अट आहे. महिनाभर बघायचं. डब्यात तेल आलं तर तुमचं खरं. नाही आलं, तर डबा काढायचा, आणि तुमची ती हत्यारांची पेटी साडूंना देऊन टाकायची. त्यानंतर या घरात तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा नाही. दारावरची कडी निखळली तरी नाही."

बारीकरावांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं. ती निळी लोखंडी पेटी त्यांनी पहिल्या पगारातून घेतली होती. दर रविवारी ते सगळे पाने फडक्याने पुसून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून ठेवत. कार्यालयात त्यांना खुर्चीचा हात ढिला झाला तरी तो आवळायचा अधिकार नव्हता, त्यासाठी दुसरा विभाग होता. घरात मात्र काही बिघडलं की पेटी उघडायची आणि 'बघू बरं' म्हणायचं, हा त्यांचा मान होता. तो गेला तर घरात त्यांच्याकडे उरणार काय? फक्त पाण्याची बादली. आणि पेटी जाणार कुणाकडे, तर साडूकडे! पण माघार घेतली असती तर साडूचा डबा कायमचा एकटाच राहिला असता. त्यांनी अट मान्य केली.

रविवारी सकाळी इमारतीखाली गाडीचं बॉनेट उघडून ते कामाला लागले. शेजारी मोबाइलवर डबा कसा बसवायचा याचा व्हिडिओ चालू होता. व्हिडिओतला माणूस दोनच पाइप काढतो, दोनच लावतो आणि त्याचे हात शेवटपर्यंत स्वच्छ राहतात. बारीकरावांचे हात मोबाइल टेकवून ठेवायच्या आधीच काळे झाले होते. मग मोबाइल बोट ओळखेना. ते खालून ओरडले, "अगं, जरा खाली ये आणि माझा मोबाइल उघडून दे!" डॉक्टरीणबाई आल्या, उघडून दिला, गेल्या. थोड्या वेळाने तो पुन्हा बंद झाला. तिसऱ्या हाकेला त्या येताना खुर्चीच घेऊन आल्या.

इंजिनावर प्लॅस्टिकचं एक झाकण होतं. ते काढायलाच अर्धी सकाळ गेली, कारण त्याच्या खुंट्या बाहेर यायला तयार नव्हत्या. झाकणाखाली एकाऐवजी तीन पाइप निघाले. यातला श्वासाचा कोणता हे कळावं म्हणून बारीकरावांनी एकाचं तोंड मोकळं करून त्यात जोरात फुंकर मारली. दुसरीकडून काही झालं नाही, पण पाइपाने त्यांना उलट उत्तर दिलं आणि त्यांच्या नाकाखाली एक काळी मिशी उमटली.

"हाच तो!" ते आनंदाने म्हणाले.

"तुम्हाला शोभते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाइप कापला तो जरा आखूड झाला. मग डबा जिथे बसवायचा होता तिथे पाइप पोचेना, म्हणून जिथे पाइप पोचत होता तिथे डबा बसवला. एक स्क्रू हातातून सुटला आणि टणटण आवाज करत इंजिनात कुठेतरी गडप झाला. तो शोधताना दुसराच एक स्क्रू सापडला, तो कुठला हे कळेना. शेवटी झाकण लावून गाडी सुरू केली. गाडी नेहमीसारखी सुरू झाली. बारीकरावांची थोडी निराशाच झाली, कारण एवढं केल्यावर तिच्या आवाजात काहीतरी फरक पडायला हवा होता. जास्तीचा स्क्रू त्यांनी गुपचूप शर्टाच्या खिशात टाकला. शर्ट धुवायला डॉक्टरीणबाईंनी घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे गाडी घेऊन दवाखान्यात गेल्या. यायला त्यांना जरा उशीर झाला. बारीकराव खाली वाटच बघत होते. गाडी थांबायच्या आत त्यांनी बॉनेट उघडलं आणि डब्याचं झाकण फिरवून आत बघितलं.

"भरला का डबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पहिलाच दिवस आहे," बारीकराव म्हणाले. "इंजिनाला सवय व्हायला हवी."

त्यानंतर बारीकराव अक्षरशः डोळ्यांत तेल घालून डब्याकडे बघू लागले. डोळ्यांत होतं, डब्यात नव्हतं. सकाळी टॉर्च घेऊन बघत, संध्याकाळी टॉर्च घेऊन बघत. डबा आतून इतका कोरडा आणि चकचकीत होता की त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसे, आणि ते दिवसेंदिवस उतरत चाललेलं दिसे. कार्यालयातला शिपाईसुद्धा सकाळी फाइल ठेवताना हळूच विचारी, "साहेब, डबा?" आणि बारीकराव मानेनेच नाही म्हणत.

मग त्यांनी विचार केला, आणि तिथेच चुकलं. डब्यात तेल येत नाही म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, इंजिन ठणठणीत आहे आणि ते तेल टाकतच नाही. तसं असेल तर डब्याची गरजच नव्हती आणि आपण मूर्ख. दोन, इंजिन तेल टाकतंय पण डबा चुकीचा बसलाय. तसं असेल तर आपण मूर्खच, शिवाय गाडीही बिघडणार. कसंही फिरवलं तरी मूर्ख एकच निघत होता. पाइप बरोबर बसलेत का हे बारीक बघता आलं असतं, पण त्यासाठी ते झाकण पुन्हा काढावं लागलं असतं, आणि त्या खुंट्यांच्या आठवणीनेच त्यांची बोटं दुखायला लागत.

हळूहळू त्यांची मजल अशी गेली की आपल्या चांगल्या इंजिनाला काहीतरी व्हावं असं त्यांना मनापासून वाटू लागलं. सुट्टीच्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन उड्डाणपुलावर जात आणि उगाच जोरात चढवत, उतरवत, पुन्हा चढवत. इंजिनाने धापा टाकाव्यात म्हणून चढावर मुद्दाम एसी लावत. गाडी बिचारी सगळं निमूटपणे करी. खाली येऊन ते डबा उघडत. आत त्यांचं तोंड.

साडूकडून मात्र फोटो येतच होते. एकदा बारीकरावांनी न राहवून फोन केला.

"साडूभाऊ, तुमच्या डब्यात इतकं तेल येतं तरी कसं?"

"येतं आपोआप," साडू म्हणाला आणि का कुणास ठाऊक, हसला. "धीर धरा. घरात प्रेम असलं की येतं."

ही आगीत तेल ओतायची रीत झाली, असं बारीकरावांना वाटलं. (तेवढं तेल डब्यात ओतलं असतं तरी चाललं असतं.)

महिना सरत आला. एका संध्याकाळी ते पेटी पुढ्यात घेऊन बसले होते. पाने पुसून झाले होते तरी पुसत होते. सगळ्यात लहान पाना त्यांनी हातात घेतला आणि तो साडूच्या हातात कसा दिसेल हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांना अगदी भरून आलं. आणि त्याच क्षणी त्यांना पंप आठवला.

पाणीपुरवठ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंप कोरडा पडला की नुसतं बटण दाबून पाणी ओढत नाही. आधी त्याला वरून थोडं पाणी पाजावं लागतं, मग तो खालचं ओढतो. मग डब्याचं तेच असेल! कोरड्या डब्यात तेल यायचंच नाही. त्याला आधी तेल पाजायला हवं. ही लबाडी नव्हती, हे तंत्र होतं. तरीही हे तंत्र करताना त्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना हे नीट बघून घेतलं. मग गाडीच्या तेलाचा उरलेला कॅन काढला, दोन चमचे डब्यात पाजले, झाकण लावलं आणि शीळ घालत वर गेले.

सकाळी डबा उघडला तर आत चांगलं वाटीभर तेल!

"पाजलं आणि ओढलं!" असे ते स्वतःशीच पण पार्किंगभर ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडले. तेल सोनेरी होतं, स्वच्छ होतं. साडूच्या तेलाचा काळाकुट्ट रंग आठवून त्यांना त्याची कीव आली. आपल्या डब्याची जाळी किती उत्तम गाळते! त्यांनी ते तेल बाटलीत भरलं, बाटली उन्हात धरली, फोटो काढला, खाली 'आमचंही पीक!' असं लिहून साडूला पाठवला आणि बाटली घेऊन धावत वर गेले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली, नीट बघितली आणि म्हणाल्या, "वा. जिंकलात तुम्ही. पेटी राहिली."

त्या दिवसापासून बारीकराव बदलले. बाटलीचा फोटो त्यांनी कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर लावला. घरात गाणं गुणगुणू लागले. न सांगता कपड्यांच्या घड्या घालू लागले. कपडे धुण्याचं यंत्र चालायला निघालं की प्रेमाने त्याला धरून परत जागेवर नेऊ लागले. तक्रारीच्या खिडकीवर एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी "बसा, मी आत्ता माणूस पाठवतो" असं म्हटलं आणि खरोखरच माणूस पाठवला. पाणी आल्यावर ती बाई आभार मानायला परत आली. या खिडकीवर असं कधीच झालेलं नसल्यामुळे तिला तक्रारदारांच्याच रांगेत उभं राहावं लागलं. आणि डबा? डबा एक-दोन दिवसांआड भरतच होता. कधी वाटीभर, कधी जास्तच.

पण बारीक बघणाऱ्या माणसाला सुख फार दिवस सोसत नाही. एका सकाळी त्यांच्या मनात आलं की एवढं तेल बाहेर येतंय तर इंजिनातलं तेल कमी झालं असेल. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल तेवढंच होतं. चार दिवसांनी पुन्हा बघितली. तेवढंच. घळाघळा तेल बाहेर येतंय आणि आत थेंबही कमी होत नाही! पहिले काही तास त्यांना वाटलं की आपलं इंजिन तेल तयार करतंय, आणि वर्तमानपत्रात कळवावं का असा विचारही आला. मग त्यांनी इंटरनेटवर वाचलं. इंजिनातल्या तेलात पेट्रोल मिसळत असेल तर असं होतं. तेल कमी झालं तरी पेट्रोलने पातळी भरून निघते. म्हणजे इंजिन आतून कामातून गेलं!

"इंजिन उघडायला लागणार," त्यांनी नाश्त्याला जाहीर केलं.

डॉक्टरीणबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. "उघडायला? पूर्ण?"

"पूर्ण. सगळं बाहेर काढून बघायचं."

"अहो, एवढं काही नसेल. चालतेय ना चांगली?"

"चालतेय, हेच वाईट आहे. लक्षणं दिसत नाहीत आणि आत रोग आहे. तूच रोग्यांना सांगतेस ना, दुखत नाही म्हणजे कीड नाही असं समजू नका?"

"थोडे दिवस थांबून बघू या. कदाचित तेल यायचं आपोआप बंद होईल," एवढंच त्या म्हणाल्या.

"तेल खोटं बोलत नाही!" बारीकराव म्हणाले.

गॅरेजमध्ये डॉक्टरीणबाईही बरोबर गेल्या. बारीकरावांना वाटलं, कठीण प्रसंगी बायको साथ देतेय. गॅरेजचा मेकॅनिक एरवी फार बडबड्या. त्या दिवशी मात्र दोघांना एकत्र बघून तो गप्पच झाला.

"इंजिन उघडा," बारीकराव म्हणाले.

"कशाला साहेब? मस्त चालतेय गाडी."

"तेल टाकतंय."

"कुठे टाकतंय?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"या डब्यात!"

मेकॅनिकने डब्याकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाई भिंतीवरची टायरची जाहिरात वाचत होत्या.

"या डब्यात तेल येऊ शकत नाही, साहेब."

"येतं. मी स्वतः काढतो."

"येणारच नाही."

"अहो, का येणार नाही?"

"ते..." मेकॅनिकने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. "ते मॅडम सांगतील."

"मॅडमना इंजिनातलं काय कळतंय? तुम्ही उघडा. माझी जबाबदारी."

मेकॅनिकने नाइलाजाने पाना उचलला आणि इंजिनावर वाकला.

"थांबा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्या बारीकरावांकडे वळल्या आणि दात काढायच्या आधी रोग्याशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "अहो, घाबरू नका. तो डबा कशालाच जोडलेला नाही."

मेकॅनिकने झटकन झाकण काढलं. (त्याला त्या खुंट्या लगेच निघाल्या.) डब्यातून निघालेले दोन्ही पाइप झाकणाखाली जाऊन एका प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेला नीट बांधून ठेवलेले होते. इंजिनाला मूळचा होता तसाच नवाकोरा पाइप होता.

"कधी?" बारीकरावांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. तुमच्या शर्टाच्या खिशात स्क्रू सापडला. मला त्या गाडीतून रोज दवाखान्यात जायचं होतं हो."

"आणि तेल?"

"सूर्यफुलाचं."

घरी आल्यावर बारीकरावांच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच चूक सर्वस्वी बायकोची आहे. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. ते बैठकीत मधोमध उभे राहिले.

"म्हणजे अट घातलीस तू, डबा तोडलास तू, पेटी जाणार होती माझी! महिनाभर मी त्या रिकाम्या डब्यात टॉर्च मारत होतो, आणि तू वरून बघत होतीस!"

"बघत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणूनच बघवेना. तुम्ही पाने पुसत बसला होतात ना त्या संध्याकाळी, तेव्हा मला इतकं वाईट वाटलं! पाइप काढला तो गाडीसाठी, पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तो परत बसवला असतात. मग म्हटलं, वाटीभर तेलाने माणूस आनंदी होत असेल तर होऊ दे. आणि नंतर तुम्ही इतके गोड वागायला लागलात की मला थांबवेना."

बारीकरावांचा राग निम्मा विरघळला होता. पण उरलेला निम्मा त्यांना वाया घालवायचा नव्हता. "ते काही असो. फसवणूक ती फसवणूक. मी मात्र अटीला धरून वागलो. माझ्याकडून एवढीशी लबाडी झाली नाही!"

"एक विचारू?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पहाटे मी वाटी घेऊन खाली गेले, डबा उघडला, तर आत आधीच थोडं तेल होतं. कशालाच न जोडलेल्या डब्यात. ते कुठून आलं?"

बारीकरावांनी पंपाला पाणी पाजायच्या तंत्राबद्दल दोन वाक्यं मनात जुळवली, पण ती बाहेर आली नाहीत. मग डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं आणि नाइलाजाने त्यांनाही फुटलं. दोघांनीही लबाडी केली तेव्हा अट रद्द, पेटी घरातच राहील, असा निकाल लागला.

"आणि मी ओतलं खरं, पण ही कल्पना काही माझी नाही," डोळे पुसत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताईची. ती साडूंच्या डब्यात वर्षभर ओततेय. त्यांचाही डबा कोरडाच असायचा."

बारीकरावांना इतका आनंद इंजिन ठणठणीत निघाल्याचाही झाला नव्हता. म्हणजे ती सगळी पिकं मेहुणीच्या हातची होती! साडूला ते ठाऊकही नव्हतं! कुणाला काही बोलणार नाही अशी शपथ डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून घेतली आणि त्या भाजी चिरायला आत गेल्या. तेवढ्यात फोन वाजला. साडूचाच होता. कार्यालयातल्या सवयीप्रमाणे बारीकरावांनी फोन टेबलावर ठेवूनच घेतला.

"काय बारीकराव, इंजिन उघडलं का? ही सांगत होती."

"नाही. दोष काहीच नव्हता," बारीकराव खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "तुमचं पीक कसं आहे, साडूभाऊ? येतंय ना भरपूर?" या 'भरपूर'मध्ये त्यांनी जमेल तेवढी कीव घातली.

साडूने आवाज खाली आणला. "एक सांगू? कुणाला बोलू नका. माझ्या डब्यात ही ओतते. मी पहिल्याच खेपेला ओळखलं. गाडीचं जुनं तेल मी एका कॅनमध्ये भरून ठेवलं होतं, त्यातलंच ती घेते. मी डब्यातून काढलं की परत त्याच कॅनमध्ये ओततो. ती पुन्हा तेच आणून घालते. वर्षभर तेच तेल फिरतंय! तिलाही बरं वाटतं, मलाही बरं वाटतं."

बारीकरावांनी रेललेली पाठ सरळ केली.

"आणि तुमचा फोटो बघून तर मी हसून हसून आडवा झालो. इंजिनातून कधी फोडणीचं तेल येतं का? पण तुम्ही फोटोखाली लिहिलं होतंत झकास! मला एकदा तर वाटलं, याला खरंच खरं वाटतंय की काय?"

"छे छे!" बारीकराव मोठ्याने हसले. "अहो, मला काय कळत नाही? मीसुद्धा पहिल्याच दिवशी ओळखलं होतं! म्हटलं, हिच्या समाधानासाठी चालू दे."

आत चिरायचा आवाज थांबला. फोन स्पीकरवर होता.

"ओळखलं होतंत ना?" आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "मग उद्या ऑफिसात गेलात की नोटीस बोर्डावरचा तो बाटलीचा फोटो तेवढा काढून आणा. काल तुमचे मोठे साहेब दाढ भरून घ्यायला आले होते. त्यांना सारखी त्या फोटोची आठवण येऊन हसू येत होतं, आणि दर वेळी मला ड्रिल बाहेर काढावं लागत होतं."